सोन्याचं ताट आणि करपलेला भात

एका राज्यात चंडकेतू नावाचा राजा होता. राज्य मोठं, राजवाडा मोठा, अक्कल तेवढी बेताची. त्याची थोरली बहीण इरावती तीन डोंगरांपलीकडे दिलेली. दर भाऊबीजेला ती चालत माहेरी यायची, भावाला ओवाळायची, दोन घास खाऊन जायची. एवढंच काय ते तिचं सुख. त्यातही या शहाण्याला थाट सुचला!

काळभोग नावाचा मांत्रिक दरबारी आला. म्हणाला, "महाराज, सोन्याची शंभर ताटं देतो. पण ज्या यजमानाची नजर पाहुण्याला सोडून ताटावर राहील, त्याचा पाहुणा माझा."

"कबूल," राजा म्हणाला. नीट ऐकलं तरी का? ताटात स्वतःचं तोंड बघत होता मेला.

भाऊबीजेला भर दुपारी इरावती आली. पायांना फोड, घशाला कोरड. कुणी गूळपाणी विचारलं नाही.

"चंड्या, भूक लागलीय रे."

"थांब आक्का, आधी ताटं बघ. ही नक्षी बघ. हा मोर बघ."

दहा दाखवली, वीस दाखवली. शेवटी दमून तिनं एका ताटावर हात टेकला, आणि नखशिखांत सोन्याची झाली. तर दरबाऱ्यांनी काय करावं? टाळ्या वाजवल्या! त्यांना वाटलं, हीही सजावटच. आग लागो असल्या पाहुणचाराला!

राजा ऊर बडवू लागला. तेव्हा खिडकीतली साळुंकी बोलली. त्या राज्यात साळुंक्या बोलत, आणि दरबाऱ्यांपेक्षा बरं बोलत.

"राजा, तीन कामं कर. तिचा शीण घालव, तिच्यासाठी दार सजव, तिला जेवू घाल. सगळं आपल्या हातानं. खजिन्यातलं काही नको. बीजेची कोर मावळली, की ती मांत्रिकाची."

"मला यातलं काही येत नाही."

"मग शिक."

राजानं विहिरीतून घागर ओढली, पाणी कोमट केलं, बहिणीचे सोन्याचे पाय धुतले, ओठांना गुळाचा खडा लावला. पाय माणसाचे झाले.

मग आंब्याची पानं तोडून तोरण ओवलं. वाकडं झालं, पण झालं. उंबऱ्याशी झेंडूच्या पाकळ्या मांडल्या, कणकेचे पाच दिवे वळून तेलवात केली. दिवे लागले आणि आक्काचे डोळे हलले. बघा, सगळं झाडावरचं नि डब्यातलं! याला काय शंभर ताटं लागतात?

तिसरं काम जड. केळीचं पान मांडलं, टोक तिच्या डाव्या हाताला. वर मीठ, लिंबाची फोड, भोवती रांगोळी. वरण जमलं. भात मात्र करपला. तिकडे कोर डोंगराला टेकली.

तोच काळभोग प्रकटला. हातात सोन्याची वाटी, वाटीत केशरी भात.

"महाराज, राजाच्या बहिणीला करपलेला भात? लोक हसतील. हा वाढा."

"वाढा, महाराज, शोभेल!" दरबारी ओरडले. यांच्या जिभा झडत कशा नाहीत?

खरं सांगतो, राजाचा हात पुढे गेला. मग त्यानं आक्काकडे बघितलं. तिची नजर वाटीवर नव्हती, त्याच्या भाजलेल्या बोटांवर होती.

"वाटी उचल," तो मांत्रिकाला म्हणाला.

त्यानं पातेल्यातला वरवरचा पांढरा भात काढला, पानावर वाढला, वरण घातलं आणि तिच्यासमोर जमिनीवर बसला.

"आक्का, भात करपलाय. मला येत नाही गं. पण एक घास घे, माझ्यासाठी."

घास ओठांना लागला.

"तूप विसरलास, गाढवा," आक्का म्हणाली.

ती डोक्यापासून हातापर्यंत माणूस झाली. ताटांची खापरं झाली, मांत्रिकाचा धूर झाला. इरावतीनं घाईनं हात धुतला, आधी बुडत्या कोरीला ओवाळलं, मग भावाला. मग बसली आणि तीनदा भात मागून घेतला. त्या रिकामटेकड्या दरबाऱ्यांना राजानं खरकटी काढायला लावली. बरं केलं!

इरावतीचं पोट भरलं तसं तुमच्या पाहुण्याचं भरो. आणि तो दारात उभा असेल, तर गोष्ट कसली ऐकत बसलात? उठा, पाट मांडा.