डांबराचा पातळ काठ

“मग दोष कोणाचा, ते तरी सांगा.”

फाटकापासून ओट्यापर्यंतच्या डांबरी वाटेतला खड्डा हेमलताबाई गोगटे यांनी स्वतःच्या हातांनी भरला होता. एकदा नव्हे, तीनदा. तिन्ही वेळा तो उखडला. ही गोष्ट त्यांनी लपवली नाही. चौतीस वर्षे शाळेत शिकवताना त्यांनी कोणालाही काही लपवू दिले नव्हते.

इमामचाचा खड्ड्यापाशी उकिडवे बसले. चाळीस वर्षे डांबरी रस्त्यांवर मुकादमी केलेला हा माणूस. आजही ठेकेदार अडले, की त्यांच्या दारात येत.

“सांगतो की. आधी बघू तर द्या.”

“बघण्यासारखे काय उरले आहे? डांबराच्या तयार मिश्रणातच भेसळ होती. पिशवीवरची प्रत्येक सूचना मी पाळली. झाडले, भरले, ठोकले. दुकानदाराविरुद्ध ही तक्रार लिहून ठेवली आहे. जाणकार म्हणून तुमची सही हवी.”

चाचांनी कागदाकडे पाहिले. हात पुढे केला नाही.

मंगळवारी बाईंचे यजमान अच्युतराव यांच्या चाकांच्या खुर्चीचे चाक याच खड्ड्यात रुतले आणि ते तोंडघशी पडले. तेव्हापासून ते ओट्याखाली उतरले नव्हते. संध्याकाळी फाटकाशी बसून येणाऱ्याजाणाऱ्यांशी गप्पा मारणे, एवढे एकच सुख त्यांना उरले होते, तेही गेले. बाईंच्या संतापाचे मूळ तिथे होते.

“फार लागलं का, साहेब?” चाचांनी ओट्याकडे पाहून विचारले.

“नाक वाचलं. चष्मा गेला.”

“तुम्ही मध्ये बोलू नका,” बाई म्हणाल्या.

“बरं.”

चाचांनी खड्ड्याच्या कडेवरून बोट फिरवले.

“बाई, तांब्याभर पाणी द्या.”

बाईंनी पाणी आणले. प्यायला मागितले असेल, असे त्यांना वाटले. चाचांनी ते खड्ड्याच्या कडेने ओतले. भरलेले डांबर जिथे वीतभर बाहेर येऊन जुन्या वाटेवर पसरले होते, नेमके तिथे. पाणी क्षणभर थांबले… आणि दिसेनासे झाले.

“कुठं गेलं?”

बाई वाकून पाहू लागल्या.

चाचांनी काठाखाली नख घातले. पापडासारखा तुकडा अलगद वर आला. खाली ओली माती.

“हे खड्ड्याच्या बाहेर कशाला पसरलंत?”

“सांधा दिसू नये म्हणून. काम नीटनेटके दिसायला हवे.”

“दिसलं की.”

त्यांनी विटेचा तुकडा उचलला आणि खड्ड्याभोवती चौकोन आखला. प्रत्येक रेघ खड्ड्यापासून हातभर दूर होती.

“एवढं सगळं काढायचं. पक्कं लागेपर्यंत. काठ उभा, भिंतीसारखा.”

“चाचा, मी तुम्हाला खड्डा भरण्याविषयी विचारते आहे आणि तुम्ही तो वाढवता आहात. रेघेच्या आतली ही वाट तर चांगली आहे.”

चाचांनी त्या चांगल्या वाटेवर सोबत आणलेला हातोडा आपटला. आवाज पोकळ आला. त्यांनी पुन्हा आपटला नाही.

बाईंचा चेहरा लाल झाला. “म्हणजे दुकानदार निर्दोष आणि मी अडाणी. हेच ना?”

“असं मी कुठं म्हणालो?”

“तुम्ही काहीच म्हणत नाही. त्याचाच राग येतो.”

ओट्यावर अच्युतराव खोकले. तो खोकला नव्हता, हसू होते, हे बाईंना ठाऊक होते.

अखेर ठरले ते असे : चौकोन आजच फोडायचा, उद्या ऊन खाऊ द्यायचा, परवा आतल्या बाजूंना डांबर फासून थराथराने भरायचा आणि प्रत्येक थर जड लोखंडी धुम्मसाने ठोकून दाबायचा. तोवर खाली न उतरण्याचे अच्युतरावांनी मान्य केले. परवा सकाळी येण्याचे चाचांनी कबूल केले. उरल्या हेमलताबाई.

“हा काठ मी गुडघ्यांवर बसून, थापी फिरवून घातला आहे,” त्या म्हणाल्या. “दुसऱ्या कोणी तो फोडलेला मला पाहवणार नाही.”

चाचांनी हातोडा फिरवला. दांडा बाईंच्या बाजूला आला.

बाईंनी तक्रारीचा कागद घडी करून ओट्यावर ठेवला, पदर खोचला आणि हातोडा घेतला.

“मान्य,” त्या म्हणाल्या. “सुरुवात कुठून करू?”

“जिथं सगळ्यात देखणं झालंय, तिथनं.”