पिस्तुलाच्या मुठीतली खाच

एकदा हत्यारे घासूनपुसून दुरुस्त करणाऱ्या एका वृद्ध शिकलगाराच्या दुकानात जुन्या हत्यारांचा एक व्यापारी आला. त्याने पिशवीतून फडक्यात गुंडाळलेले पिस्तूल काढले आणि चटईवर ठेवले. पहिल्या महायुद्धातले, लष्करी बनावटीचे. नळी शिसे ओतून केव्हाच बंद केलेली, परवान्याचा कागद सोबत. म्हणजे आता ते केवळ पाहण्यापुरते हत्यार होते.

"उस्ताद, वस्तू खानदानी आहे," व्यापारी म्हणाला, "पण कुणीतरी तिची पार वाट लावलीय. ही मूठ बघा, केवढी खाच पाडलीय. चापाभोवतीचं कडं पुढून कापून टाकलंय. आणि ही तांब्याची कडी बाजूला डकवलीय, ती तर मुळात नव्हतीच. शहरात माझ्या ओळखीचे एक संग्राहक आहेत. त्यांना कारखान्यातून आत्ता निघाल्यासारखं हवंय. तसं करून दिलंत तर चौपट किंमत येईल. असंच राहिलं तर कोण विचारतो?"

उस्तादांची नजर मंदावली होती, त्यामुळे पाहण्यापेक्षा चाचपणेच अधिक. त्यांनी पिस्तुलावरून बोटे फिरवली, खाचेपाशी जरा थांबले, आणि मग ते शेजारी बसलेल्या शिष्याच्या हाती दिले. "दस्तगीर, हे काम तुझं. मी हात लावणार नाही. नीट पार पाडलंस, तर त्या दिवसापासून खिडकीजवळची माझी बैठक तुझी."

नऊ वर्षे दस्तगीर दारामागच्या अंधाऱ्या कोपऱ्यात बसून कानस चालवत होता. खिडकीजवळची बैठक म्हणजे दुकानाची मालकी नव्हे. पण तिथे बसणाऱ्याला गिऱ्हाईक कारागीर म्हणत असे, इतरांना नुसते 'अरे'. त्या बैठकीसाठी त्याने स्वतःला कामाला जुंपून घेतले. जुनी चित्रे मिळवली, मापे घेतली, अक्रोडाचे लाकूड मागवले, आणि महिनाभर खपून अशी मूठ घडवली की जुनी कुठली नि नवी कुठली, हे कारखान्यालाही ओळखू येऊ नये. काम करताना तोंडाचा पट्टा मात्र अखंड चालू असे.

"कोण गाढव होता हा, उस्ताद? एवढ्या देखण्या मुठीवर पटाशी चालवली, हात नाही थरथरला त्याचा?"

उस्ताद ऐकून घेत आणि चहा मागवत.

शेवटी दोनच गोष्टी राहिल्या. तांब्याची कडी कापून काढायची आणि कापलेल्या कड्याला नवा तुकडा जोडायचा. नवी मूठ काय, दोन स्क्रूंवर निघते आणि बसते. पण हे काम एकदा झाले की परत फिरता येत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी व्यापारी यायचा होता. दस्तगीरने करवत उचलली, तेवढ्यात उस्ताद उठून त्याच्यापाशी आले.

"उजवा हात पुढे कर."

दस्तगीरने केला. उस्तादांनी एक तेलकट चिंधी घेतली आणि त्याची तर्जनी व मधले बोट एकत्र करकचून बांधले, चांगले चार-पाच वेढे देऊन. दस्तगीर बघतच राहिला. म्हाताऱ्याचे डोके ठिकाणावर आहे ना, अशी शंका त्याच्या मनात आली, हे कबूल केलेच पाहिजे.

"आता ते पिस्तूल धर. चाप ओढ."

कड्याचा नवा तुकडा उस्तादांनी जागेवर धरून ठेवला होता. बांधलेली जाड बोटे आत शिरेनात. उरलेली दोन बोटे त्या गुळगुळीत नव्या मुठीवर टिकेनात. पिस्तूल सटकले आणि चटईवर पडले. उस्तादांनी नवी मूठ काढली, फळीवरची जुनी मूठ बसवली, तांब्याच्या कडीत सुतळी ओवून ती दस्तगीरच्या मनगटाला बांधली. "आता धर."

अनामिका खाचेत अलगद जाऊन बसली. बांधलेली बोटे कापलेल्या कड्यातून सहज आत गेली. त्याने मुद्दाम पकड सोडली, तर पिस्तूल खाली न पडता मनगटाला लोंबत राहिले.

"ज्याचं हे पिस्तूल, त्याची बोटं भाजून चिकटली असतील," उस्ताद म्हणाले. "लष्कराने घरी जा म्हटलं असेल, गेला नसेल. ते काही मला ठाऊक नाही. पण खाचेची कड चाचपून बघ. सालपट निघू नये म्हणून कानशीने मऊ केलीय. वस्तूची वाट लावणारा माणूस एवढी काळजी घेतो का रे? कारखान्याने हे पिस्तूल कुणाच्याही हातासाठी केलं होतं. तू ज्याला महिनाभर गाढव म्हणालास, त्याने ते एका हातासाठी केलं."

"मग पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं, तर तू माझं ऐकलं असतंस. त्याचं नाही."

"आता काय करू?"

"काम तुझं, म्हणालो होतो," उस्ताद म्हणाले आणि चहा सांगायला उठले.

दस्तगीरने एकदा त्या उजेडातल्या बैठकीकडे पाहिले. खरे सांगायचे तर त्याला रडू आले. मग त्याने करवत खुंटीला अडकवली.

सकाळी व्यापारी आला. दस्तगीरने पिस्तूल होते तसेच त्याच्यापुढे ठेवले. "शेठ, काम केलं नाही. आणि माझ्याच्याने व्हायचंही नाही."

"महिनाभर काय झोपा काढल्यास?" व्यापारी भडकला. "मी त्या संग्राहकाला काय तोंड दाखवू?"

"तोंड राहू द्या, शेठ. जरा हात द्या."

व्यापाऱ्याने कुरकुरत हात दिला. दस्तगीरने चिंधी बांधली, सुतळी अडकवली, पिस्तूल हाती ठेवले. व्यापाऱ्याची अनामिका आपोआप खाचेत गेली. त्याने पकड सोडली, पुन्हा धरली.

"कोण होता हा?"

"नाव ठाऊक नाही, शेठ. हात तेवढा कळला."

"हे सांगितलं तर संग्राहक घेईल?"

"कदाचित नाही घेणार."

व्यापाऱ्याने सुतळी सोडवली, डाव्या हाताने पिस्तूल फडक्यात गुंडाळले आणि तो पायऱ्या उतरला. बोटांवरची चिंधी सोडायची राहूनच गेली.

आता बोलणी खावी लागणार, असे समजून दस्तगीर आपल्या कोपऱ्याकडे वळला. तिथे दारामागच्या अंधारात उस्ताद कानस घेऊन बसले होते. खिडकीजवळची बैठक रिकामी होती, आणि तिच्यावर धुतलेली चादर अंथरलेली होती.

"इथे माझी बोटं बघतात, मला उजेड कशाला?" उस्ताद म्हणाले. "जा, तिकडे बस."

आपल्यालाही दुसऱ्याच्या घडणीतली खाच चटकन दिसते आणि ती बुजवायला आपले हात शिवशिवतात. तेव्हा इथे कुणाचे बोट बसत होते, एवढे तरी आधी विचारून पाहावे.