नागोबा सभेला येतो

रानात अजून माणसाची पायवाटही पडली नव्हती, तेव्हाची गोष्ट. पावसाळ्याआधी मुंग्या वारुळाच्या डागडुजीसाठी सभा भरवत. एका वर्षी त्याच वारुळात राहणारा नागोबा सभेला आला.

"अख्खं वारूळ वापरतोस, आता सभाही बळकावणार का?" एक मुंगी कडाडली.

"नाही गं बाई," नागोबा म्हणाला. "आयत्या बिळात जन्म गेला माझा. गेल्या पावसात छत अंगावर कोसळलं, तेव्हा तुम्हीच मला उकरून काढलंत. मला खणता येत नाही. पण तळाशी मी झोपतो, ओल कुठून येते ते सांगेन. मातीही वाहीन."

म्हातारी मुंगी मातीचा एक कण घेऊन पुढे आली. तिला तो डोक्यावर ठेवता यावा, म्हणून नागोबाने फणा जमिनीला टेकवला.