जवळची ठळक खूण

राजा चंद्रकेतूनं हुकूम सोडला, राज्यातल्या तरुणांनी सरकारबद्दल आपलं मत अगदी मोकळेपणानं द्यावं! मत पोर्टलवरच द्यायचं होतं आणि पोर्टल बनवलं होतं प्रधान अनंतपंतांनी, तेव्हा मोकळेपणा किती ते तुम्हीच समजा. शिक्षण कसं आहे? पर्याय दोन, ‘उत्तम’ आणि ‘अतिउत्तम’. नोकऱ्या? ‘भरपूर’ किंवा ‘गरजेपेक्षा जास्त’. ऑनलाइन सेवा? ‘वेगवान’ किंवा ‘पापणी लवायच्या आत’. एखादा प्रश्न सोडला तर अर्ज पुढे सरकायचाच नाही.

दहा हजार पोरापोरींनी अर्ज भरले, कारण तो भरल्याशिवाय कुठलाच दाखला मिळत नव्हता. दहाच्या दहा हजार सुखी निघाले. राजाला इतका आनंद झाला, की त्यानं स्वतःच्याच अभिनंदनाचे फलक गावोगाव लावले.

अशा या आनंदात बोरखळीची हौसा दरबारात येऊन उभी राहिली. कोष्ट्याची पोर. तीन वर्षांपूर्वी शिक्षकाची परीक्षा पास झाली होती, राज्यात पाचवी आली होती. तेव्हापासून तिची नेमणूक ‘प्रक्रियेत’ होती. तिच्याच गावच्या शाळेला तीन वर्षं शिक्षक नव्हता. शाळेला कुलूप होतं आणि गावची पोरं शेरडं राखत होती.

“महाराज,” हौसा म्हणाली, “मला नेमणूक द्या, नाहीतर दुसरं कुणी पाठवा. पण शाळा उघडा.”

“तक्रार?” राजानं भुवया चढवल्या. “पंत, दहा हजार अर्जांत तक्रारी किती?”

“एकही नाही, महाराज. आम्ही जागाच ठेवली नाही.”

“ऐकलंस? सगळं राज्य खूश आहे आणि तू एकटी रडतेस. बरं, आमचं सरकार ऐकून घेणारं आहे. आठ दिवस देतो. याच अर्जात तक्रार करून दाखव. एकही प्रश्न सोडायचा नाही, समासात काही खरडायचं नाही. जमलं तर नेमणूक तुझी. नाही जमलं, तर ती शाळा कायमची बंद आणि इमारत पोर्टलच्या कार्यालयाला!”

पंत मिशीतल्या मिशीत हसले. त्या इमारतीवर त्यांचा केव्हापासून डोळा होता.

हौसा घरी आली ती काळजीनं अर्धी होऊन. आपली नोकरी गेली तर गेली, पण आपल्यापायी गावची शाळा जाणार, हे तिला सहन होईना. तिनं तो अर्ज वरपासून खालपर्यंत चारदा वाचला. पाचव्यांदा वाचताना ती हसली, आणि गावातल्या चाळीस पोरापोरींना घेऊन टेकडी चढली. गावात रेंज कुठली यायला!

आठव्या दिवशी दरबार भरला. कारकून बोरखळीचे अर्ज वाचू लागला.

“तुळशीदास वाघमोडे, वय बावीस. शिक्षण, अतिउत्तम. नोकऱ्या, गरजेपेक्षा जास्त.”

पंतांनी मान डोलावली.

“पत्ता, मुक्काम बोरखळी. जवळची ठळक खूण, तीन वर्षं कुलूप लावलेल्या शाळेच्या बरोबर समोर.”

पंतांची मान थांबली.

“कलावती खरात, वय एकवीस. ऑनलाइन सेवा, पापणी लवायच्या आत. जवळची ठळक खूण, बसवल्यापासून बंद असलेल्या मोबाइल टॉवरच्या मागे. दगडू शेळमकर, वय चोवीस. नोकऱ्या, भरपूर. जवळची ठळक खूण, पाच बेकार पदवीधर दिवसभर बसतात त्या पाराला लागून. हौसा कोष्टी, वय पंचवीस. जवळची ठळक खूण, पंतांनी वाचनालयाची पायाभरणी केली तो दगड. वाचनालय शोधू नये, दगडच आहे.”

दरबारात कुणीतरी फिस्कन हसलं. पंतांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

“महाराज, ही चेष्टा आहे! खूण म्हणजे विहीर, देऊळ, वड!”

“पंत, विहीर गेल्या साली बुजली,” हौसा म्हणाली. “वड तुमच्या रस्त्यात गेला, आणि रस्ता काही आलाच नाही. खूण म्हणजे जी जागची हलत नाही. आमच्याकडं ते कुलूप तेवढं हललेलं नाही. तलाठ्यानं जागेवर येऊन पाहिलंय, अर्जाच्या छापील प्रतीवर त्याचा शिक्का आहे.”

“खरं असेल,” पंत घाईनं राजाकडे वळले, “पण हे पत्ते झाले! अट तक्रारीची होती.”

राजानं दाढी खाजवली. “पंतांचं बरोबर आहे, पोरी. हे नुसते पत्ते आहेत. शाळा बंद.”

हौसा मात्र जागची हलली नाही.

“बरं महाराज, पत्ते तर पत्ते. कारकूनदादा, अर्जाची शेवटची ओळ तेवढी वाचा.”

“‘प्रत्येक अर्जदारास महाराजांचे आभारपत्र राजमुद्रेसह घरपोच मिळेल. पाकिटावर पत्ता व खूण अर्जातल्याप्रमाणेच लिहिली जाईल.’”

“म्हणजे चाळीस पाकिटं, महाराज,” हौसा म्हणाली. “वर तुमची मुद्रा आणि तिच्याखाली हे नुसते पत्ते. टपालवाला वाटेत गावोगाव विचारत येईल, महाराजांनी ज्या बंद शाळेसमोर आभार पाठवलेत ती कुठं आहे हो? तक्रार आम्ही कुठं केली? ती आता तुम्हीच सही करून पाठवणार आहात.”

राजानं पंतांकडे पाहिलं, पंतांनी छताकडे पाहिलं. आणि राजा असा खदाखदा हसत सुटला, की त्याचा फेटा सुटून मांडीवर आला.

“पंत! एक तर ही चाळीस पाकिटं तुम्ही स्वतः पायी वाटून या, नाहीतर महिन्याच्या आत खुणा बदला. कुलपापासून सुरुवात करा. आणि हौसाबाई, नेमणूक तुमची! पत्र घरी पाठवतो.”

“नको महाराज,” हौसा म्हणाली, “इथंच हातात द्या. प्रक्रियेतून आलं, तर निरोप समारंभालाच पोचेल.”

राजा पुन्हा हसला. पंतांनी तिथंच उभ्याउभ्या पत्र लिहिलं, त्यावर मुद्रा उमटली आणि राजानं वर शंभर पुस्तकांची पेटी दिली. हौसानं पत्रातली तारीख दोनदा वाचली आणि मगच मुजरा केला.