साहेबांचा अंतरपाट

संस्थेचं रुग्णालय आणि संस्थेचीच रक्तपेढी एका आवारात, समोरासमोर होती. तरी रक्ताची मागणी मेलने आधी मुख्य कार्यालयाच्या सर्व्हरवर जायची आणि साहेबांनी मंजूर केली की मगच रक्तपेढीत पोचायची. एका दुपारी साहेब जेवायला गेले, मागणी तिथंच अडकली आणि समोर रुग्णालयात रक्ताची वाट पाहत मारुतीचा थोरला भाऊ गेला.

सुतक फिटताच डोकं भादरलेला मारुती तडक साहेबांपुढे उभा राहिला. "समोरच्या दारात मेल सरळ का जात नाही?"

"अरे, दोन्ही डोमेन वेगळी आहेत," साहेब म्हणाले.

डोमेन म्हणजे काय, मारुतीला कळेना. दोन गावं? दोन भाऊबंद? "म्हणजे जोडताच येत नाहीत?"

"येतात की! दोन्हीकडे एकमेकांचा पत्ता भरला की झाली थेट जोडणी. पण मग मधे आम्ही नकोत का? लग्नातसुद्धा मधे अंतरपाट लागतो, बाबा!"

एवढ्या बोलण्यातला हा एकच शब्द मारुतीला कळला.

"लागतो की, साहेब. पण मंगलाष्टकं संपली की तो बाजूला घेतात. तुम्ही धरूनच उभे राहिलात. म्हणून हार पडला तो माझ्या दादाच्या फोटोला."

साहेबांची मान खाली गेली. त्यांनी संगणक सांभाळणाऱ्या बाईंना हाक मारली. "बाई, ती थेट जोडणी आत्ता करा."

"करते, सर. तुमच्या मंजुरीसाठी मेल टाकू ना?"

"मेल नको," साहेब पुटपुटले. "ह्याच्या देखत करा."