सणगरणीचे कावळे

एके काळी, म्हणजे नेमकं कधी ते मला विचारू नका, कारण तेव्हा आमच्या गावात वर्षं मोजायची कुणाला गरज पडत नसे, डोंगराच्या पायथ्याशी एक तळं होतं आणि तळ्याच्या काठी आमचं गाव होतं. या गोष्टीतल्या माणसांची नावं मला कुणी सांगितली नाहीत. कावळ्यांची मात्र सगळी पाठ आहेत. असं का, ते शेवटी तुम्हालाच कळेल.

गावात एक सणगरीण राहायची. घोंगड्या विणणं हा तिचा धंदा. नवरा गेला आणि घरात तिचं मन लागेना, तेव्हा तिनं माग अंगणात चिंचेखाली आणून मांडला. दिवसभर हात मागावर आणि डोळे कावळ्यांवर. सकाळच्या पहिल्या भाकरीचा तुकडा कावळ्यांचा, हे तर तिचं ठरलेलंच होतं.

लोक म्हणतात, कावळे सगळीकडे काळेच. ही म्हण ज्यानं काढली त्यानं जन्मात एकही कावळा नीट पाहिला नसावा, असं माझं स्पष्ट मत आहे. सणगरणीच्या अंगणात येणारे कावळे घ्या. एक होती लंगडी, डाव्या पायानं अधू. घरट्यात अंथरायला लोकर न्यायला यायची, पण फक्त पांढरी. काळ्या लोकरीचा ढीग समोर असला तरी चोच लावायची नाही. दुसरी भिजवी. हाती लागेल ते पाण्यात बुडवल्याशिवाय तिला चैन पडायची नाही. वाळल्या भाकरीचं एक समजू शकतो, पण तिनं एकदा सणगरणीची सूत कातायची चातीसुद्धा गुरांच्या डोणीत नेऊन बुडवली होती. आणि तिसरा कानफाट्या. त्याची कुणी खोड काढली की हा मागून येऊन पंखाची अशी चपराक द्यायचा, की मार खाणारा आधी शेजाऱ्याकडेच रागानं बघायचा.

गावाला हे सगळं वेडाचं वाटायचं. “काय कावळ्यांची मावशी, भाचरं बरी आहेत ना?” असं म्हणत बाया पाण्याला जायच्या. सणगरीण मान डोलवायची आणि म्हणायची, “बरी आहेत. तुमच्यापेक्षा शहाणी आहेत.”

आता आमच्या गावची एक रीत सांगतो, कारण सगळी गोष्ट तिच्यावरच उभी आहे. वैशाखात अक्षय तृतीयेच्या दिवशी गाव कावळ्यांची घरटी बघायचं. घरटी आंब्यावर असली तर पाऊस भरपूर. बाभळीवर, काट्याच्या झाडावर असली तर दुष्काळ. शकुन चांगला निघाला तर तळ्याचं दार उघडून पाणी पाटाला सोडायचं. वाईट निघाला तर दार बंद, पाणी प्यायला राखायचं. आणि नियम कडक होता, की त्या दिवसाआधी कुणी मान वर करून घरट्याकडे बघायचं नाही. आधी बघितलं की शकुन मोडला. म्हणून चैत्रापासून आमच्या गावची माणसं खाली माना घालून चालायची. किती जणांची डोकी एकमेकांवर आपटली त्याला गणती नाही.

एका वर्षी राजाच्या मुलीचं लग्न निघालं. राजाच्या कारभाऱ्यानं राजधानीत मोठी बाग उठवली आणि भर दरबारात सांगून टाकलं, “लग्नाच्या दिवशी या बागेत शंभर कारंजी उडतील.” बोलून तर बसला, पण कारंज्यांना पाणी हवं. पाणी होतं आमच्या तळ्यात, त्याचा पाट पुढं राजधानीपर्यंत जायचा, आणि तळ्याचं दार होतं कावळ्यांच्या हाती.

मग कारभारी काय करतो? अक्षय तृतीयेच्या आठ दिवस आधी तो परमुलखातले लाकूडतोडे घेऊन तळ्याच्या पलीकडच्या काठाला आला. मान वर करून त्यानं बघितलं. बाभळीच्या राईत सात घरटी होती. अलीकडच्या आमराईत एकही नव्हतं. त्यानं स्वतः उभं राहून दुपारपर्यंत सगळी राई आडवी केली. कावळे डोक्यावर कोकलत होते. गावात तो कोलाहल ऐकू येत होता, पण मान वर करणार कोण? पाटलाला त्यानं सांगितलं, “लग्नाच्या मांडवाला लाकूड नेतोय. झाडांवर काही नव्हतं.” पाटील म्हणाला, “असेल, असेल,” आणि पायाच्या अंगठ्याकडे बघत घरी गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी लंगडी अंगणात उतरली आणि पांढऱ्या लोकरीचा पुंजका चोचीत धरून उडाली. सणगरणीचा हात मागावरच थांबला. लोकर तर हिनं महिन्यापूर्वीच नेली होती. एका हंगामात दोनदा? कुणाचं घर मोडल्याशिवाय कुणी दुसऱ्यांदा घर बांधायला घेत नाही.

ती उठली आणि तळ्याला वळसा घालून पलीकडे गेली. राईच्या जागी नुसते बुंधे होते. काटक्यांच्या पसाऱ्यात निळसर, ठिपक्यांची अंडी फुटून पडली होती, आणि त्यांच्याखाली तिचीच पांढरी लोकर. सणगरीण मटकन खाली बसली आणि रडली. कावळ्याच्या अंड्यांसाठी रडते म्हणून कुणाला हसायचं असेल तर त्यानं खुशाल हसावं. मला तिचा अभिमानच वाटतो.

तिनं पाटलाला जाऊन सगळं सांगितलं. पाटलानं कानांवर हात ठेवले. “अगं बाई, तू दिवसाआधी बघितलंस? शकुन मोडलास की! आता कुणापाशी बोलू नकोस.”

अक्षय तृतीया आली. मुलीच्या लग्नाचं काम म्हणून राजा स्वतः आला. ढोल वाजले, माना वर झाल्या, आणि काय! आमराईत सात घरटी. लोकांनी आनंदानं टाळ्या पिटल्या. कारभारी म्हणाला, “महाराज, शकुन उत्तम! पाऊस मायंदाळ पडणार. तळं उघडायचं ना?”

राजानं हात वर केला. चार गडी दाराच्या साखळीला भिडले. तेवढ्यात गर्दीतून सणगरीण पुढं आली आणि तळ्याच्या दारावर पाठ टेकून उभी राहिली.

“महाराज, हे पाणी सोडू नका. हे गेलं आणि पाऊस आला नाही, तर या गावानं प्यायचं काय?”

राजा म्हणाला, “बाई, शकुन तर चांगला आहे. दुष्काळ पडेल असं तुला कुणी सांगितलं?”

“कुणीच नाही. पाऊस कावळ्याला कळतो की नाही, तेसुद्धा मला ठाऊक नाही. पण तुम्ही कावळ्यांची साक्ष मानता. ही साक्ष त्यांना घरातून हुसकून काढून घेतलेली आहे. हे सातही जण आठ दिवसांपूर्वी बाभळीवर होते. कारभाऱ्यांनी उभं राहून त्यांची घरं तोडली.”

कारभारी मोठ्यानं हसला. “महाराज, बाभळी तोडल्या, पण त्यांवर काडीसुद्धा नव्हती. अन् हेच ते कावळे म्हणे! अगं बाई, कावळे सगळीकडे काळेच!”

सगळा गाव हसला. हो, आमचाच गाव. हे सांगताना मला आजही लाज वाटते.

सणगरीण मात्र हसली नाही, आणि दारापासून हललीही नाही. “महाराज, मी त्यांना ओळखते, तसे तेही माणसं ओळखतात. ज्यानं त्यांचं काही बिघडवलं नाही, त्याच्या वाटेला ते जात नाहीत. एकेकाला आंब्याखालून चालू द्या. घर मोडणारा कोण ते कावळेच सांगतील. कोण काय करील तेही आधीच सांगून ठेवते. लंगडी मारणार नाही, समोर बसून ओरडेल. कानफाट्या मागून कानशिलात देईल. भिजवी पागोट्याचा तुरा ओढील आणि तळ्यात नेऊन बुडवील.”

“आणि तसं झालं नाही तर?” राजानं विचारलं.

“माझा माग मोडून चुलीत घाला.”

राजाला गंमत वाटली. त्यानं मान हलवली. आधी सणगरीण आंब्याखालून गेली. काही नाही. पाटील गेला. काही नाही. राजाचा मोतद्दार घोडा घेऊन गेला. कावळे घरट्यांतून नुसते बघत राहिले. मग कारभारी निघाला, ऐटीत, मिशीला पीळ देत. मागून एक चाकर त्याच्या डोक्यावर रेशमी छत्री धरून चालला होता. कारभारी या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला.

एकही कावळा हलला नाही.

“आणा तो माग!” कारभारी ओरडला. लोक पुन्हा हसले. सणगरणीची नजर तळ्याच्या दाराकडे गेली. माग तर जाईलच, पण तळंही जाईल. तिनं वर पाहिलं. कानफाट्या फांदीवर बसून मान वाकडी करकरून खाली बघत होता. इतकी वर्षं ती त्याला बघत आली होती. मान वाकडी केली म्हणजे त्याला काहीतरी दिसायचं राहिलं आहे, हे तिला ठाऊक होतं. ती एकदम म्हणाली, “महाराज, छत्री मिटायला सांगा.”

“छत्रीचा काय संबंध?” कारभारी गुरकावला.

“कावळा वरून बघतो. त्याला दिसली ती नुसती छत्री. आणि छत्रीनं बिचारीनं त्याचं काही बिघडवलेलं नाही.”

राजाचं हसू थांबलं. “मिटा छत्री. कारभारी, परत या.”

“ऊन फार आहे, महाराज...”

“परत या.”

कारभाऱ्यानं आंब्याखाली पहिलं पाऊल टाकलं मात्र, अख्खी आमराई कोकलून उठली! लंगडी उडत उडत त्याच्या समोर येऊन बसली आणि गळा फाटेस्तोवर ओरडू लागली. तो तिला हाकलायला वाकला, तेवढ्यात मागून कानफाट्या आला आणि दिली ठेवून एक कानशिलात. कारभारी सवयीनं आधी चाकराकडेच रागानं बघायला वळला. तेवढ्यात भिजवीनं पागोट्याचा जरीचा तुरा उपटला, सरळ तळ्यावर नेला आणि पाण्यात बुडवला. एकदा नाही, तीनदा. तिची रीतच होती ती. कारभारी पळत जाऊन दहा शिपायांच्या घोळक्यात दडला. दहा जणांना सोडून कावळ्यांनी तिथंही नेमका त्यालाच हुडकला.

आता कुणी हसत नव्हतं. पाटलानं हळूच मान वर केली, आणि मला वाटतं, जन्मात पहिल्यांदाच त्यानं कावळा बघितला.

राजा सणगरणीजवळ आला. “बाई, माझ्याकडे इतके हेर आहेत, पण असं बघणारं कुणी नाही. दार बंदच राहू द्या.”

“मग लग्नातली कारंजी?” कारभारी घोळक्यातून पुटपुटला.

“कारंज्यांवाचून कुणाचं लग्न अडत नाही. पाण्यावाचून मात्र गाव मरतं. तू माझ्या मुलीच्या मांडवाला पाप लावणार होतास.” राजाचा आवाज चढला होता. “तू तोडल्यास तेवढ्या बाभळी त्याच काठाला लावायच्या. घागरीनं पाणी स्वतः घालायचं. त्या झाडांवर कावळा आपणहून घर बांधील त्या दिवशी सुटशील. आणि डोक्यावर छत्री धरायची नाही.”

त्या वर्षी मृग कोरडा गेला. आर्द्रा कोरड्या गेल्या. पाऊस पडला तो श्रावणात, तोही जेमतेम. पण तळ्यात पाणी होतं. आमचं गाव प्यायलं, गुरं प्यायली, आणि शेजारची चार गावं घागरी घेऊन आली तीही प्यायली. कावळ्यांना दुष्काळ आधी कळला होता का, असं लोक सणगरणीला विचारायचे. ती म्हणायची, “ते त्यांनाच विचारा. मी सांगितलं ते जे बघितलं तेवढंच.”

कारभारी रोज घागर घेऊन पलीकडच्या काठाला जायचा आणि रोज एक कानफटात खायचा. बाभळी वाढत गेल्या. चौथ्या चैत्रात एका सकाळी लंगडी अंगणात आली, पांढऱ्या लोकरीचा पुंजका उचलला आणि तळ्यावरून सरळ पलीकडे गेली. सणगरीण हातातलं काम टाकून काठाकाठानं चालत गेली. उन्हानं रापलेला कारभारी घागर टेकून वर बघत उभा होता. कोवळ्या बाभळीत पहिल्या काटक्या बसल्या होत्या. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

“ही लंगडीच ना?” त्यानं हळूच विचारलं.

सणगरीण म्हणाली, “ओळखलीत ना? मग सुटलात.”

तेव्हापासून आमच्या गावात खाली मान घालून कुणी चालत नाही. चैत्र लागला की पोरं-थोरं सगळी माना वर करून बघतात. या कावळ्याचं नाव काय, तो कुणाचा कोण, हे गावातलं शेंबडं पोरसुद्धा सांगतं. परगावचा पाहुणा आला आणि म्हणाला, “तुम्ही त्या कावळेवाल्या गावचे का?” तर आम्ही छाती पुढं काढून सांगतो, “हो. कावळ्यांच्या मावशीच्या गावचे!”

तर मंडळी, बोध एवढाच: ज्याला सगळे सारखेच दिसतात त्याला कुणीच दिसत नाही, आणि जो एकेकाला निरखून ओळखतो त्याचीच साक्ष वेळेला गाव तारते.