भिवराक्काची परात

फार वर्षं झाली त्याला. खारवडीच्या खाऱ्या तळ्याला डोंगरातला एकच झरा येऊन मिळायचा. उन्हाळ्यात काठावर जमणारा खार खरवडायचा, बैलांवर लादून बाजारात न्यायचा, यावर सारं गाव जगायचं. आता ते बैलही नाहीत आणि तो बाजारही. पण जुन्या माणसांपुढे भिवराक्काचं नाव काढा, हातातलं काम टाकून सांगायला बसतात.

भिवराक्का तरुणपणीच विधवा होऊन माहेरी आली. धाकट्या भावाला, कोंडूला, तिनेच वाढवलं. मोठा झाल्यावर कोंडूने झऱ्यातून पाट काढून केळीची बाग उभी केली. त्याचं पाहून बाकीच्यांनीही पाट काढले. तळं मागे हटलं, खाराचा पट्टा रुंदावला, आणि देवीने दुप्पट दिलं म्हणून गाव हरखून गेलं. शहाणीसुरती माणसंसुद्धा नाचली बरं का.

भिवराक्काला मात्र घोर लागला. तिने काठावर पाण्याने भरलेली परात ठेवली. ऊन रोज किती पाणी पितं ते ती बोटांनी मोजायची आणि झऱ्याचं किती तळ्यात पोचतं ते घागरींनी. असं म्हणतात, की दोन उन्हाळ्यांत तिचा एक दिवस चुकला नाही. उन्हाचं पिणं फार होतं आणि झऱ्याचं येणं थोडं. असंच चाललं तर तळं आटेल, हे तिने परोपरीने सांगितलं, पण ऐकतो कोण?

तिसऱ्या वर्षी वारा सुटला. उघड्या पडलेल्या तळातला खार उडून पिकांवर बसला, लेकराबाळांचे डोळे सुजले. तेव्हा पंच तिच्या दारी आले. होळीपासून पावसापर्यंत सगळे पाट बुजवा, ती म्हणाली, आणि फावडं घेऊन थेट भावाच्या बागेत गेली.

"अक्का, माझी बाग जळंल की गं," कोंडू म्हणाला.

"जळंल, बाबा. पर तुझा पाट ठेवून दुसऱ्याचा कुठल्या तोंडानं बुजवू?"

बाग जळाली. तळं भरलं. असं म्हणतात, की त्या साली रोहित पक्षी इतके उतरले की पाणी आठ दिवस गुलाबी दिसत होतं. कोंडू मात्र बहिणीशी पुन्हा बोलला नाही. ती रोज त्याच्या वाटेकडे बघायची. फार वाईट वाटतं ते ऐकताना.

असं म्हणतात, की ती गेली त्या दिवशी तळं काठ सोडून तिच्या उंबऱ्यापर्यंत चढून आलं. त्या गुडघाभर पाण्यातून कोंडू साडीचोळी घेऊन आला, पण उशीर झाला होता.

आजही होळीच्या दुसऱ्या दिवशी कोंडूच्या घरातला कर्ता माणूस आधी आपला पाट बुजवतो, मग गाव बुजवतं. चिखलाचे हात धुऊन तो तळ्याला माहेरची साडीचोळी वाहतो आणि सगळ्या गावादेखत मोठ्याने विचारतो, "अक्का, बरी हाईस न्हवं?"